दोन बँडचा एकत्र प्रायोगिक रॉक अल्बम: पहिल्या बैठकीपासून स्वतंत्र लेबलपर्यंत

दोन बँड एकत्र येतात, दोन दिवसांत सात-आठ तासांचं रेकॉर्डिंग करतात, ऐकून सगळे खूश होतात आणि पुढे वर्षभर काहीच बाहेर येत नाही. अडतं ते बहुतेक वेळा संगीतापाशी नाही. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नसतं, एकाच्या फाइल दुसऱ्याकडे नीट बसत नाहीत आणि हक्कांचा विषय लेबलने (अल्बम काढणाऱ्या कंपनीने) विचारल्यावरच पहिल्यांदा निघतो. प्रायोगिक रॉकमध्ये हे जास्त होतं. इथे अनेकदा मुखडा-अंतरा नसतो, त्यामुळे ‘ही ओळ माझी’ असं बोट ठेवून दाखवता येत नाही. शिवाय आवाज मुद्दाम बिघडवलेला आहे की खरंच बिघडला आहे, हे समोरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या तीन टप्प्यांत एकही सूर वाजत नाही आणि लोक नेमके तेच गाळतात.

## १. वाद्यं बाजूला ठेवून पहिली बैठक

सगळे हजर असताना चार गोष्टी ठरवा आणि त्याच दिवशी सगळ्यांना लेखी पाठवा.

काम कोणत्या पद्धतीने होणार? पद्धती तीन आहेत. सगळे एका खोलीत वाजवतील. किंवा एक बाजू पाया रेकॉर्ड करून पाठवेल आणि दुसरी त्यावर थर चढवेल. किंवा दोघे कच्चा माल देतील आणि दोघांनाही दुसऱ्याचा माल मोडून नवं काही करायची मुभा असेल. तिसऱ्या पद्धतीत ही मुभा शब्दांत लिहा. आपला गिटारचा तुकडा उलटा, अर्ध्या वेगाने आणि ओळखू न येणारा झालेला ऐकून माणूस दुखावतो. त्याने आधी होकार दिला असेल तर तोच तुकडा तो आनंदाने ऐकतो.

शेवटचा शब्द कोणाचा? ‘सगळे मिळून ठरवू’ हे उत्तर धरू नका. मिक्ससाठी एक नाव आणि पैशांसाठी एक नाव लिहा. ही दोन नावं वेगवेगळ्या बँडमधली असली तर तोल राहतो. वाद सुटला नाही तर तिसरं कोणाला विचारायचं, तेही लिहा.

अल्बम कोणाच्या नावाने? ‘अमुक आणि तमुक’ अशी दोन्ही नावं मुख्य कलाकार म्हणून लावली, तर स्ट्रीमिंग सेवांवर अल्बम दोन्ही बँडच्या पानांवर दिसतो. नवं संयुक्त नाव घेतलं तर पान कोरं असतं आणि जुन्या श्रोत्यांपर्यंत अल्बमची खबर आपोआप पोचत नाही. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण कव्हर छापण्याआधी निवडा. नावांचा क्रमही आत्ताच ठरवा.

लांबी किती? व्हायनल (तबकडी) काढायची शक्यता असेल तर चाळीस मिनिटांच्या आसपास थांबायचं, हे आजच मनात ठेवा. कारण सातव्या टप्प्यात आहे.

> इशारा: दोघांपैकी कोणाचाही आधीच्या लेबलशी एकाधिकाराचा करार आहे का, हे इथेच विचारा. असेल तर त्या लेबलची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ते काही म्हणणार नाहीत’ ही परवानगी नव्हे. एका सदस्याचा स्वतंत्र एकल करार असला तरी तो लागू होऊ शकतो.

## २. वाट्याचा कागद

प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात: एक रचना, दुसरं ध्वनिमुद्रण. रचनेचे पैसे रचनाकारांना आणि त्यांच्या प्रकाशकांना जातात. ध्वनिमुद्रणाचे पैसे ते ज्याच्या मालकीचं आहे त्याला, म्हणजे बँडला किंवा लेबलला जातात. लोक एकच टक्केवारी लिहून मोकळे होतात आणि ती कशाची, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. कागदावर दोन स्तंभ करा. प्रत्येक स्तंभाची बेरीज प्रत्येक ट्रॅकला बरोबर १०० यायला हवी.

उत्स्फूर्त वादनात रचनाकार कोण? समजा सात जणांनी तो टेक (सलग रेकॉर्ड केलेलं एक वादन) वाजवला, तर ते सातही. त्यातल्या कोणी फक्त एक सूर बावीस मिनिटं धरून ठेवला असला तरीही. माझं स्पष्ट मत असं, की खोलीत जन्मलेल्या प्रत्येक तुकड्याचा वाटा हजर असलेल्यांत समान करावा. कोणाचा सूर ‘महत्त्वाचा’ होता हे मोजायला बसलात, तर ज्याने गप्प राहून जागा दिली त्याचं मोल शून्य ठरतं, आणि पुढच्या वेळी तो गप्प राहत नाही. एखादा तुकडा कोणी घरून पूर्ण लिहून आणला असेल तर तो वेगळा धरा. टेक कापून, जोडून ज्याने तुकड्याला आकार दिला त्याला वाटा आहे की फक्त श्रेय, हेही आधी बोला. प्रायोगिक अल्बममध्ये हे काम मोठं असतं. जर्मन बँड ‘कॅन’चे होल्गर चुकाय तासन् तास चाललेल्या वादनाच्या टेप कापून त्यातून ट्रॅक बांधत. तिथे कात्री रचनेचाच भाग होती.

दोन्ही बँड वेगवेगळ्या देशांतले असतील तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकेत संयुक्त कामाचा एक मालक दुसऱ्याला न विचारता कोणालाही बिगर-एकाधिकाराचा वापर परवाना देऊ शकतो. त्याने फक्त नफ्याचा हिशेब द्यायचा असतो. ब्रिटनमध्ये सगळ्या मालकांची संमती लागते. म्हणजे एकाच कामाबद्दल दोन्ही बाजूंच्या मनात प्रामाणिकपणे वेगळा नियम असू शकतो. जाहिरात, चित्रपट वगैरेंसाठी दोन्ही बँडची लेखी संमती लागेल, असं एक वाक्य कागदात टाका.

बाहेरून उचललेल्या आवाजांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून घेतलेल्या तीन सेकंदांनाही दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. स्वतः रस्त्यावर केलेल्या ध्वनिमुद्रणात मागे दुकानातलं गाणं वाजत असेल तर तोही उचललेलाच आवाज आहे.

> तपासणी: कागदावर प्रत्येकाचं कायदेशीर नाव, कलाकार म्हणून वापरायचं नाव, वाद्य आणि हक्कसंस्थेतला (रचनाकारांसाठी हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेतला) सदस्यत्व क्रमांक असेल तर तो आहे का? पाहुण्या वादकाची सही आहे का? तो एका दुपारपुरता येऊन गेला असेल तर सही त्याच दुपारी घ्या.

## ३. फाइलींचे नियम

हा टप्पा रुक्ष वाटतो, पण सर्वाधिक नासधूस इथेच होते. एका पानाचं नियमपत्र करा आणि दोन्ही स्टुडिओंत भिंतीवर लावा.

सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) एकच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव फाइल, हे सरळ आणि पुरेसं. ४४.१ चालेल, पण मग सगळीकडे ४४.१. याचा परिणाम नीट समजून घ्या. ४४.१ ला रेकॉर्ड केलेली फाइल ४८ च्या सेशनमध्ये (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या फाइलमध्ये) रूपांतर न करता पडली, तर ती सुमारे ८.८ टक्के जास्त वेगाने वाजते आणि जवळपास दीड सेमीटोन वर चढते. गायन आणि ओळखीचे कॉर्ड असलेल्या गाण्यात हे लगेच कानाला खटकतं. फीडबॅकच्या ड्रोनला, म्हणजे अँप आणि गिटार एकमेकांना चेतवून निघणाऱ्या लांब सलग सुराला, मात्र ‘खरा’ सूर कोणाला ठाऊक असतो? तो चढलेला ड्रोन पलीकडच्या बँडला सुंदर वाटतो, ते त्यावर बेस, ड्रम आणि व्हायोलिन चढवतात, आणि महिन्याभराने मूळ फाइल त्यांच्या थरांशेजारी ठेवल्यावर काहीच जुळत नाही.

> तपासणी: पाठवताना फाइलच्या नावाशेजारी तिची लांबी लिहा. दहा मिनिटांची फाइल समोरच्याच्या सेशनमध्ये नऊ मिनिटं अकरा सेकंदांची दिसली, तर हीच चूक झाली आहे.

सगळ्या फाइल शून्यापासून. सॅक्सोफोन सहाव्या मिनिटाला येत असला तरी फाइल सेशनच्या सुरुवातीपासून काढा, आधी शांतता असू द्या. म्हणजे समोरच्याने सगळ्या फाइल डावीकडे टेकवल्या की काम झालं. शिवाय सुरुवातीला सगळ्या ट्रॅकवर एकाच क्षणी एक छोटी टिक ठेवा. सरकलेली फाइल त्यावरून एका नजरेत सापडते.

कोरा आणि रंगवलेला आवाज, दोन्ही. पेडल आणि अँपमधून आलेला आवाज एका ट्रॅकवर, गिटारमधून थेट आलेला कोरा सिग्नल दुसऱ्यावर. मात्र एक फरक लक्षात ठेवा: जिथे वादक पेडलच्या प्रतिसादावरच वाजवत होता, म्हणजे डिलेचं (प्रतिध्वनीच्या पेडलचं) स्वतःभोवती फिरणं किंवा फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) मरताना होणारी फडफड, तिथे रंगवलेला आवाज हाच खरा टेक असतो. अशा फाइलच्या नावात ‘बदलू नका’ असं लिहा. नाहीतर मिक्स करणारा भल्या हेतूने कोरा सिग्नल घेऊन नवा रंग देतो आणि वादन निर्जीव होतं.

टेंपो असला तर नकाशा, नसला तर खुणा. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या तालाच्या टिकटिकीवर) वाजवलेल्या तुकड्याबरोबर टेंपोचा नकाशा मिडी फाइलमध्ये पाठवा. क्लिकशिवाय वाजवलेल्या तुकड्यावर नंतर ग्रिड लादू नका. त्याऐवजी मजकूर फाइलमध्ये खुणा द्या: ‘२:१४ दुसरा ड्रम सुरू, ५:५० सगळे थांबतात, ५:५३ परत’. टेपच्या लूपचा (गोल फिरत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा) वेग किंचित हलत असतो, म्हणून त्याला ‘बरोबर १०० बीपीएम’ (मिनिटाला १०० ठोके) समजून त्यावर संगणकाचे ड्रम लावले तर काही मिनिटांत ते सुटतात. लूपच्या मागे माणसाने वाजवायचं.

सुराचा संदर्भ. दर सेशनच्या सुरुवातीला प्रत्येक सुरेल वाद्याची एक मोकळी तार किंवा एक सूर दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ‘ए’ सूर ४४० हर्ट्झवर लावला आहे की इतर कशावर, ते लिहा. जुना ऑर्गन किंवा टेपयंत्र वीस सेंटने (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली असेल तर बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं, कारण त्यांना स्वतःचं वाद्य जुळवता येतं, ऑर्गनला येत नाही.

नावं. तुकडा, वाद्य, वादक, टेक, तारीख, याच क्रमाने. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘खरंच फायनल’ असे शब्द फाइलच्या नावात बंद, फक्त आकडे.

> इशारा: दोन स्टुडिओंत प्रत्येकी एक आणि ऑनलाइन एक, अशा तीन प्रती झाल्याशिवाय रेकॉर्डरचं कार्ड पुसू नका. ऑनलाइन आपोआप जुळणारा सामायिक फोल्डर ही राखीव प्रत नव्हे: एकाने पुसलं की सगळ्यांकडचं पुसलं जातं.

## ४. एका खोलीत रेकॉर्डिंग

दोन पूर्ण बँड एका खोलीत म्हणजे दोन ड्रम, दोन बेस, चार गिटार. सगळ्यात आधी तळ कोण सांभाळणार ते ठरवा. ऐंशी हर्ट्झच्या खाली एका वेळी एकच वाद्य राहू द्या. दुसरा बेस वरच्या सप्तकात, फझमध्ये किंवा गजाने वाजू शकतो. हे वाजवतानाच ठरलं तर मिक्समध्ये कापाकापी लागत नाही. दोन्ही बेस खाली घुमत असतील तर मागाहून कोणताही इक्वलायझर ते वेगळे करून देत नाही.

ड्रमच्या मायक्रोफोनची फेज, म्हणजे त्यांच्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडत नाहीत ना, दोन्ही संचांमध्ये एकमेकांविरुद्ध तपासा. एका संचाचे ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले मायक्रोफोन) ऐकत दुसऱ्याचे हळूहळू वर आणा. तळ पातळ झाला तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटवून बघा आणि जी स्थिती भरदार वाटते ती ठेवा. मायक्रोफोन आपल्या वाद्यापासून जितक्या अंतरावर, त्याच्या किमान तिप्पट अंतर शेजारच्या मायक्रोफोनपर्यंत असावं, हा जुना नियम इथेही कामी येतो. खोलीतला गळका आवाज पूर्ण थांबवायचा प्रयत्न मात्र करू नका. अशा अल्बमचं शरीर त्यातच असतं.

पातळी सरासरी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, शून्य म्हणजे कमाल) आसपास ठेवा. नेहमीच्या रॉकपेक्षा इथे जास्त मोकळी जागा लागते, कारण कोण कधी अचानक पेडल दाबेल हे ठरलेलं नसतं. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही. डिजिटल क्लिपिंग (कमाल पातळी ओलांडल्याने छाटला गेलेला आवाज) मात्र नीट दुरुस्त होत नाही, आणि त्याची करकर फझच्या करकरीसारखी नसते.

फीडबॅक पुन्हा मिळवायचा असेल तर त्याची जागा जपा. गिटारवादकाच्या पायांभोवती आणि अँपभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा, प्रत्येक पेडलच्या खुंट्यांचा आणि अँपच्या पॅनेलचा फोटो काढा. अर्धं पाऊल सरकलं तरी तार दुसऱ्याच हार्मोनिकला धरते.

कानांची काळजी वेळापत्रकातच बसवा. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला दिवसाकाठी फक्त पंधरा मिनिटं. मोठ्या अँपसमोरचा ड्रोन ही पातळी सहज ओलांडतो. इअरप्लग सगळ्यांना, इंजिनिअरलाही. आणि मोठ्या आवाजाच्या टेकनंतर लगेच काही निवडायला बसू नका. थकलेल्या कानाला सगळंच मंद आणि सारखं ऐकू येतं.

उत्स्फूर्त वादनाला नियम द्या. ‘वाजवत राहू, काहीतरी निघेल’ यातून तासभराची मध्यम तीव्रतेची खिचडी निघते, कारण सगळे सतत वाजवत असतात. त्यापेक्षा: हा टेक बारा मिनिटांचा, एका वेळी चारच जण, पहिली तीन मिनिटं ड्रम नाहीत, दोन्ही ड्रमवादकांनी सिंबल वापरायचे नाहीत. बंधन जितकं ठोस, तितका माणूस दुसऱ्याचं जास्त ऐकतो.

> तपासणी: टेक संपल्यावर पुढचा सुरू करण्याआधी एकाने वहीत तीन ओळी लिहिल्या का? टेक क्रमांक, कोणते वादक, आणि ‘६:४० ते ९:१० पकड आली’ असा वेळ. ही वही नसेल तर पुढच्या टप्प्यात आठ तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा आठ तास ऐकावं लागतं, तेही प्रत्येकाला.

## ५. निवड आणि जोडणी

निदान आठवडाभर काही ऐकू नका. मग प्रत्येकाने स्वतंत्रपणे, इतरांशी न बोलता ऐकायचं आणि आवडलेल्या भागांच्या वेळा लिहायच्या. सगळ्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दोन्ही बँडच्या लोकांनी न बोलता निवडलेले भाग दिसतात. अल्बमचा कणा तोच. एकत्र बसून ऐकलं तर ज्याचा आवाज मोठा त्याची निवड होते.

कापताना सिंबलची शेपटी आणि खोलीचा श्वास मध्येच तुटणार नाही हे बघा. जोड शक्यतो एखाद्या ठोक्याच्या किंचित आधी घ्या, म्हणजे नवा ठोका जोड झाकतो. शांत भागातल्या जोडासाठी प्रत्येक सेशनमध्ये, सगळे अँप चालू ठेवून, कोणी न वाजवता, अर्धा मिनिट खोलीचा आवाज रेकॉर्ड केलेला हवा. दोन दिवसांच्या टेकमध्ये अँपची घरघर वेगळी असते. ती जोडावर उडी मारते आणि तिकडे लक्ष जातं.

मूळ सेशन कधीही कापू नका. प्रतीवर काम करा. कोणाचा संपूर्ण भाग काढून टाकायचा झाला तर त्याला आधी सांगा, ऐकवा. हे तांत्रिक काम नसलं तरी दुसरा अल्बम होणार की नाही हे इथे ठरतं.

## ६. मिक्स

मिक्स एकाने करायचा. शक्य असेल तर दोन्ही बँडबाहेरचा माणूस घ्या. स्वतःचं वाद्य किंचित वर ठेवण्याचा मोह कोणालाच चुकत नाही.

सूचना प्रत्येक बँडकडून एकाच व्यक्तीने, एकाच यादीत, वेळेसह पाठवायच्या: ‘३:२० ते ३:४५ डावी गिटार थोडी खाली’. ‘जरा आणखी गूढ हवं’ यावर काहीही करता येत नाही. फेऱ्या तीनच ठेवा. पहिल्या फेरीत रचना आणि तोल, दुसरीत तपशील, तिसरीत फक्त चुका.

दोन मिक्सची तुलना करताना दोन्हींची श्राव्य पातळी आधी सारखी करा. मोठा वाजणारा मिक्स जवळजवळ नेहमीच ‘चांगला’ वाटतो. मोनोमध्येही (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. फेझर, स्टिरिओ डिले आणि उलट्या फेजच्या गिटारी मोनोत गायब होतात. गायब व्हायलाच हव्या असतील तर ठीक, पण ते माहीत असलं पाहिजे.

मास्टरिंगला, म्हणजे छपाई-प्रकाशनाआधीच्या शेवटच्या आवाज-संस्काराला, जाणाऱ्या फाइलवर लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) नको. मुद्दाम चिरडलेला आवाज हा तुकड्याचा भाग असेल, तर लिमिटरसह आणि लिमिटरशिवाय अशा दोन्ही प्रती पाठवा आणि कोणती खरी ते लिहा.

## ७. मास्टरिंग आणि माध्यमं

प्रत्येक माध्यमासाठी वेगळा मास्टर मागा. स्ट्रीमिंगसाठी ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. काही सेवा पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास समान करतात, त्यामुळे फक्त मोठं वाजावं म्हणून चेपण्यात अर्थ नाही. तुकडे एकमेकांत मिसळत असतील तर ट्रॅकच्या सीमा सीडीच्या फ्रेमवर, म्हणजे सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागावर पाडायला सांगा, नाहीतर सीमेवर बारीक टिक येते.

व्हायनल सगळ्यात जास्त अटी घालतं. बारा इंची, ३३ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला १८ ते २२ मिनिटं नीट बसतात. त्याहून लांब गेलात की आवाज हळू करावा लागतो आणि तळ कमी होतो. आतल्या खाचांमध्ये उंच स्वर खराब होतात, म्हणून सिंबलने भरलेला सगळ्यात कर्कश तुकडा बाजूच्या शेवटी ठेवू नका. तिथे शांत किंवा कमी उंच स्वरांचा तुकडा ठेवा. तळाचे स्वर डाव्या-उजव्या बाजूंत उलट्या फेजने असतील तर सुई उडू शकते, म्हणून खालचा पट्टा मोनो ठेवतात. चाळीस मिनिटांचा अखंड तुकडा केला असेल तर बाजू कुठे तुटणार हे तुम्ही ठरवा. कटिंग इंजिनिअरवर (तबकडीच्या खाचा कोरणाऱ्यावर) सोडलं तर तो मिनिटं बघेल.

टेस्ट प्रेसिंग (मोठ्या छपाईआधीची नमुना तबकडी) आल्यावर ती पूर्ण ऐका, किमान दोन वेगळ्या टर्नटेबलवर, दोन्ही बँडनी. एकाच जागी सगळ्या प्रतींत टिक असेल तर दोष कटिंगमध्ये किंवा प्लेटमध्ये (तबकडी छापायच्या साच्यात) आहे आणि ती परत करायची. एकाच प्रतीत असेल तर बहुधा त्या तबकडीपुरता आहे.

> इशारा: तुमच्या अल्बममध्ये मुद्दाम ठेवलेली टिक, घरघर, मध्येच तुटणारा आवाज असेल तर त्यांची वेळेसह यादी मास्टरिंग इंजिनिअर आणि कारखाना दोघांना द्या. चांगला इंजिनिअर न विचारता टिक साफ करतो, आणि ते त्याचं कामच आहे.

## ८. लेबलशी बोलणी

लेबलकडे जायची योग्य वेळ म्हणजे दोन-तीन तुकडे मिक्स झालेले असतात आणि वाट्याचा कागद सह्यांसह तयार असतो. आधी त्या लेबलचे निदान चार अल्बम ऐका. पाठवताना खासगी स्ट्रीमिंग दुवा, एक परिच्छेद माहिती, कोणत्या माध्यमात काढायचं आहे आणि हक्क कोणाकडे आहेत, एवढंच. मोठ्या फाइल जोडून पाठवू नका.

लहान लेबलांत खर्च वजा करून नफा निम्मा-निम्मा, ही पद्धत रूढ आहे आणि चांगलीही आहे. अट एकच: ‘खर्च’ म्हणजे काय, याची यादी करारात हवी. छपाई, मास्टरिंग, प्रसिद्धी, टपाल, फुकट वाटलेल्या प्रती, सगळं नावानिशी.

बोली कराराचं काय होतं याचं ठळक उदाहरण शिकागोचं ‘टच अँड गो’ हे लेबल आणि ‘बटहोल सर्फर्स’ हा बँड. दोघांत असाच निम्म्या नफ्याचा तोंडी व्यवहार होता, मुदत ठरलेली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने निकाल दिला, की मुदत नसलेला असा करार बँड हवा तेव्हा संपवू शकतो. आपण लेबलच्या बाजूने असा किंवा बँडच्या, मुदत लिहिलेली असणं दोघांच्या हिताचं आहे.

करारात बघायच्या गोष्टी: हक्क विकत दिले आहेत की ठरावीक वर्षांच्या परवान्यावर; कोणते प्रदेश, कोणती माध्यमं; हिशेब दर किती महिन्यांनी; माल संपून ठरावीक काळात पुन्हा छापला नाही तर हक्क परत येतात का; मुदतीनंतर शिल्लक प्रतींचं काय. शक्य असेल तर मालकी आपल्याकडे ठेवून परवाना द्या.

आणि संयुक्त अल्बमची खास अट: लेबलने दोन्ही बँडना वेगवेगळे हिशेब आणि वेगवेगळे पैसे पाठवावेत. एकाच्या खात्यात सगळे जमा होऊन त्याने वाटायचे, ही सोय दिसायला सोपी असते. पण तो बँड तुटला किंवा त्याचा हिशेब पाहणारा सोडून गेला, की दुसऱ्याचे पैसे अडकतात.

## ९. प्रकाशन आणि साठवण

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय कोड) लागतो. संपादित लहान आवृत्तीला वेगळा आयएसआरसी, कारण ते वेगळं ध्वनिमुद्रण धरलं जातं. संपूर्ण अल्बमला वेगळा बारकोड क्रमांक. हे कोड लेबल काढणार की तुम्ही, हे एकदा विचारा. दोघांनी काढले तर एकाच ट्रॅकचे दोन हिशेब सुरू होतात.

वितरकाच्या फॉर्ममध्ये दोन्ही बँडची पानं दुव्यासह निवडा. फक्त नाव टाइप केलं तर त्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर अल्बम जाऊन बसतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे तुकडा सुचवायचा तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी; माझ्या मते चार आठवडे हाताशी ठेवा. व्हायनलची तारीख टेस्ट प्रेसिंग मंजूर होईपर्यंत जाहीर करू नका.

शेवटचं काम साठवणीचं. मूळ सेशन, प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव फाइल, मिक्स, सगळे मास्टर, कव्हरच्या मूळ फाइल, सह्या केलेले कागद आणि वादनाची वही स्कॅन करून, हे सगळं दोन हार्डडिस्कवर घाला, प्रत्येक बँडला एक. फक्त सॉफ्टवेअरचं सेशन देऊन भागत नाही. काही वर्षांनी ते किंवा त्यातलं एखादं प्लगइन उघडत नाही, वेव फाइल उघडते. समोरच्या बँडने डिस्क स्वतःच्या यंत्राला लावून, एका तुकड्याच्या सगळ्या फाइल शून्याला टेकवून, शेवटपर्यंत वाजवून बघितल्याचं कळवलं, की मगच स्टुडिओतल्या तात्पुरत्या प्रती पुसा.